तुझ्या फाईलवरचा लाल ठिपका

प्रिय शेंडेफळा,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत, घर जागेवर आहे आणि मला तुझ्याकडून काहीही नको आहे. एवढं आधी लिहून टाकलं म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल आणि पुढचं तू बसून वाचशील. खरंच बसून वाच. एक हात कढईत आणि एक डोळा पत्रात असं नको, आणि जुळ्यांना मोठ्याने वाचून तर अजिबात दाखवू नकोस. कागद बघून नाकही मुरडू नकोस. दवाखान्यातली पत्रकं आहेत, मागची बाजू कोरी असते. प्रत्येक पान उलटलंस की मीठ कमी खाण्याचा सल्ला मिळेल. तो फुकट आहे, घेऊन टाक.

हो, दवाखान्यात. बंद पडलेल्या चपलांच्या दुकानातला तो धर्मार्थ दवाखाना, शनिवारी सकाळी उघडतो तो, राबतात पण विमा नाही अशा लोकांसाठीचा. गाव सोडण्याआधी तू तिथलं कार्ड काढलं होतंस ना, तोच. मी बाकावर बसले आहे, हातात एकतीस नंबरचा बिल्ला आहे आणि आत आत्ता सहावा गेला. घड्याळात सव्वानऊ. एक वाजता संस्थेची गाडी येते आणि आठवड्याच्या फायली एका निळ्या पिशवीत घालून मोठ्या इस्पितळांकडे नेते. आजच्या पिशवीत तुझी फाईल आहे. वीस दिवसांनी तुझ्या पित्ताशयातले खडे काढणारे डॉक्टर ती उघडतील आणि तिच्यावर विश्वास ठेवतील. ठेवायला नको. तिच्यात खोटं लिहिलेलं आहे, ते माझ्यामुळे लिहिलं गेलं आहे, आणि पिशवीचं तोंड बांधायच्या आत मला आत जाऊन ते सांगायचं आहे. तुलाही सांगायचं आहे. सरळ सांगता आलं असतं तर फोनवरच सांगितलं असतं. मंगळवारपासून तुला तीनदा फोन केला. पहिल्यांदा हवा कशी आहे विचारलं, दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदा तूच म्हणालीस, "ताई, हवा कालचीच आहे. तू बरी आहेस ना?"

आल्या आल्या मी रांग मोडायचा प्रयत्न केला. दारात बिल्ले वाटतो तो माणूस आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होता, आता निवृत्तीनंतर इथे सेवा करतो. सेवा म्हणजे काय, गाडी तीच, फक्त चाकं नाहीत. त्याला म्हटलं, फार तातडीचं आहे हो, दोन मिनिटं आत सोडा. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रक्त येतंय?" नाही म्हटलं. "छातीत दुखतंय?" नाही. "मग पुढे सरका, मागच्यांना जागा द्या." माझ्या मागे जागा देण्याजोगं कोणी नव्हतंही, पण चाळीस वर्षांची सवय जात नाही माणसाची.

आपण तुझं कार्ड काढायला आलो तेव्हाचे आरसे आठवतात का गं? दुकानवाल्यांनी सगळं नेलं, पण चपला घालून बघायचे ते बुटके तिरपे आरसे तसेच ठेवले. त्यामुळे इथे बसलेल्या कोणाला स्वतःचं तोंड दिसत नाही, नुसते पाय दिसतात. सकाळपासून मी पाय बघते आहे. सिमेंटने भेगाळलेले, दिवसभर उभं राहून निळ्या शिरा तटतटलेले, एक जोडी तर दोन वेगवेगळे मोजे घातलेली. तोंडाने सगळे साहेबी बोलतात, "सहज दाखवायला आलोय, काही नाही तसं." पाय खोटं बोलत नाहीत. माझेही पाय दिसतात. मघापासून उजवा पाय एकसारखा हलतो आहे. थांबवला की डावा हलतो. शेजारी रंगारीणबाई आहेत, घरं रंगवतात, नखांत कायम कोणाच्या तरी भिंतीचा रंग असतो. आज पोपटी आहे. त्यांनी दोनदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बघितला. आता विचारतात, "पत्र लिहिताय की मृत्युपत्र? घामाने कागद भिजलाय." म्हटलं, बहिणीला लिहिते. तर म्हणतात, "तुम्हाला बहीण आहे? कधी बोलला नाहीत."

कधी बोलले नाही, कारण इथे मला बहीण नाही. इथे मीच तू आहे.

वाचलंस ना? पुन्हा वाच हवं तर. गेले चौदा महिने मी इथे तुझ्या कार्डावर येते. तू खोली रिकामी केलीस तेव्हा बटणांच्या खणात कार्ड राहिलं होतं. तुला पाठवीन पाठवीन म्हणत ठेवलं, आणि मग त्याच सुमाराला माझं डोकं धरायला लागलं. उठलं की भोवळ. कारखान्यात सोफ्याचा सांगाडा उलटा टाकून पट्ट्या ताणत होते, आणि डोळ्यांसमोर सांगाड्याच्या चार पायांचे आठ झाले. मी आले इथे, माझ्या स्वतःच्या नावाने आले, हे लक्षात ठेव. कंडक्टरने अर्ज दिला. नाव, वय, पत्ता, आणि मालकाच्या सहीचा दाखला: ही व्यक्ती आमच्याकडे काम करते आणि आम्ही तिचा विमा काढलेला नाही. मी त्याला दोन्ही तळहात दाखवले. दाभणाची भोकं, स्टेपलचे ओरखडे, काथ्याने सोललेली बोटं. म्हटलं, हा घ्या दाखला. तो म्हणाला, "बाई, हात मलाही आहेत. कागद आणा."

मालकाकडे गेले. त्यांना तू ओळखतेस, पांढरा शर्ट आणि गोड जीभ. म्हटलं, दोन ओळी लिहून द्या. त्यांनी मला खुर्ची दिली. बारा वर्षांत त्या खोलीत मी शिवलेल्या खुर्च्या पुष्कळ होत्या, पण त्यांतल्या एकीवर मी पहिल्यांदाच बसले. म्हणाले, "ताई, तुम्ही कामगार थोड्याच आहात? तुम्ही कलाकार आहात. मी तुम्हाला कामावर ठेवलंय असं लिहिलं तर तुमचा अपमान होईल." अपमान त्यांना परवडत नव्हता, कारण एकदा मला कामगार म्हटलं की विमा, रजा, फंड, बाकीचं सगळं आलंच मागोमाग. तर कलाकार भोवळ येत येत घरी आली आणि बटणांचा खण उघडला. तुझ्या लॉन्ड्रीच्या मुकादमाने तुला दाखला दिला होता. तो माणूस मेला की नरकात जाईल असं तू म्हणायचीस, त्या एका सहीसाठी त्याला थोडी सूट मिळू दे.

पकडले गेले नाही, कारण कार्डावर फोटो नाही आणि तू नोंदणीपुरतीच आली होतीस. तेव्हाच्या नर्सबाईही बदलल्या, आणि कंडक्टर बिल्ले लक्षात ठेवतो, तोंडं नाही. आताच्या बाईंना आम्ही हेडमास्तरीण म्हणतो, अर्थात त्यांच्या पाठीमागे. पहिल्या दिवशी त्यांनी फाईल पाहिली, मला पाहिलं, आणि म्हणाल्या, "चव्वेचाळीस? बरंच सोसलेलं दिसतंय." पन्नाशीच्या बाईला याहून चांगलं काही म्हणता आलं नसतं. रक्तदाब घेतला, गोळी सुरू केली, आणि फाईलमध्ये बघून विचारलं, "जुळी कशी आहेत?" मी म्हटलं, छान आहेत. त्या दोन शब्दांत मला दोन मुलं झाली. तुझ्यासारखा सोळा तासांचा त्रास नाही, काही नाही.

आता पुढचं लाजेचं आहे. औषधापुरतं तुझं नाव वापरून गप्प बसले असते तर निराळं. पण इथे नुसत्या गोळ्या देत नाहीत, आयुष्य सुधारतात. श्वासाचा वर्ग आहे, मिठाचं व्याख्यान आहे, आणि शनिवारी अकराला नदीकाठी चालण्याचा गट आहे. चौदा बायका, सगळ्या आठवडाभर उभ्या राहून आलेल्या, आणि त्यांना सांगायचं की चालल्याने प्रकृती सुधारते! पहिल्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली. मग कशी कोण जाणे, मी एकही शनिवार चुकवेना झाले. त्या गटात मला जुळ्यांची आई म्हणतात. कोणी विचारलं, काय म्हणतात जुळी, तर उत्तर द्यायलाच लागतं की नाही? तुझ्या फोनवरून जेवढं कळायचं तेवढं सांगायचे. नंतर तू फोन कमी केलेस. मग मला थोडं स्वतःच्या हिमतीवर चालवावं लागलं. तुझ्या लेकीला गेल्या मार्चमध्ये मी पोहण्याच्या शर्यतीत पहिली आणली. लेकाला गणितात नापास केला, सगळंच गोड चाललंय म्हटलं की बायकांना संशय येतो म्हणून. नंतर मला इतकं वाईट वाटलं की फेरपरीक्षेत काढला त्याला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगारीणबाईंनी त्याच्यासाठी पेन आणलं. ते पेन माझ्याकडे आहे. त्यानेच लिहिते आहे.

तेरावा गेला. पावणेअकरा. मी उठून पाणी प्यायले, परत आले तर माझी जागा गेलेली, आता आरशाच्या अगदी समोर बसले आहे. दोन्ही पाय हलताना दिसतात. हेडमास्तरीणबाईंच्या टेबलाचा कोपरा इथून दिसतो आणि त्यावरची निळी पिशवी. चपट्या फायली एकावर एक. वरून तिसरी जाड आहे, ती तुझी. चव्वेचाळिसाव्या वर्षी एवढी जाड फाईल, डॉक्टरांना तुझी दया येईल.

आता मुख्य गोष्ट. एवढ्यात दोनदा उठून निघून जावंसं वाटलं, म्हणून घाईने लिहिते. अक्षर लावून घे.

गेल्या थंडीत माझ्या उजव्या हातात दाभण गेलं. अंगठ्याच्या बुडाशी, स्प्रिंगा बांधताना. अशी भोकं रोज पडतात, कोण लक्ष देतं. चार दिवसांनी हात उशीसारखा फुगला, मनगटावरून लाल रेघ वर चढायला लागली. इथे आले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी हात उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, पेनिसिलिनची इंजेक्शनं, आजच्या आज. कपाट औषधांनी भरलेलं होतं, सगळी दानात आलेली. हेडमास्तरीणबाईंनी फाईल उचलली आणि थबकल्या. वरच्या कोपऱ्यात लाल गोल ठिपका, नाण्याएवढा. याचा अर्थ काय ते तुला मी सांगायला नको. शाळेच्या प्रत्येक अर्जावर, प्रत्येक दवाखान्यात, तुझ्या बाळंतपणाला खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, मीच तो ठिपका ओरडून सांगत आले आहे. इथल्या नोंदणीलाही मीच तुझ्याबरोबर आले होते आणि मीच सांगितलं होतं: हिला पेनिसिलिन चालत नाही, हिचा जीव जाईल.

बाई म्हणाल्या, दुसरं औषध संपलंय, दहा दिवसांनी येईल. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस या हाताला नाहीत, मोठ्या इस्पितळात पाठवू. मोठ्या इस्पितळात ओळखपत्र बघतात. माझ्या ओळखपत्रावर मी आहे. उजवा हात गेला तर मी कलाकारही नाही आणि कोणीच नाही. मी काय केलं माहीत आहे? मी हसले. म्हटलं, अहो बाई, ते लहानपणचं काहीतरी आहे, थोडी पुरळ आली होती म्हणे. आमची आई फार घाबरट होती.

आपली आई घाबरट होती, असं मी म्हटलं.

बाई काही नुसत्या शब्दावर जाणाऱ्या नाहीत. त्यांनी हातावर टोचून चाचणी घेतली, वीस मिनिटं घड्याळ लावून बसवलं. हातावर काही उठलं नाही. उठणार कुठून? तो हात माझा होता. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "कितीतरी लोक असे जन्मभर उगाच घाबरून राहतात." आणि तुझ्या फाईलमध्ये, तुझ्या नावाखाली, तारीख घालून लिहिलं: चाचणी केली, ॲलर्जी नाही. मग नखाने तो ठिपका सोलून काढला. खाली पुठ्ठ्याचा मूळ रंग राहिला होता, फिकट गोल. ठिपका माझ्या चांगल्या हातावर चिकटवून म्हणाल्या, "घ्या, आठवण." मी तो घरी आणला आणि सुयांच्या डबीच्या झाकणाला आतून लावला. फेकवला नाही. रोज डबी उघडते, रोज तो दिसतो, आणि रोज स्वतःला सांगते, ती तिकडे, फाईल इकडे कपाटात, कोणाचं काय बिघडतंय.

मग सोमवारी तुझा फोन आला. ऑपरेशन त्याच संस्थेच्या इस्पितळात आहे, जुनी फाईल इथून मागवली आहे, सगळं आयतंच झालं. आणि मग तू म्हणालीस, "आणि ताई, गंमत ऐक. इथल्या बाईंनी तुमच्या दवाखान्यात फोन लावून विचारलं, तर मला ॲलर्जीबिलर्जी काही नाही म्हणे! चाचणीही झालीय. नोंदणीच्या दिवशी रक्त घेतलं होतं ना, त्यातच केली असणार. एक्केचाळीस वर्षं घाबरवलंस की गं मला!" मागून जुळी हसत होती. तू हसत होतीस. मीही हसले. फोन ठेवेपर्यंत हसले, मग ओट्याला धरून उभी राहिले.

सत्तावीस. बारा वाजून गेले. चालण्याचा गट आज माझ्याशिवाय नदीकाठाला गेला. रंगारीणबाई मात्र थांबल्या आहेत, त्यांचा नंबर तीस. "जुळ्यांच्या आई," म्हणतात, "काय असेल ते असो, आधी श्वास घ्या, वर्गात शिकवलाय तसा. चार मोजून आत." मी चार मोजले. आत काही गेलं नाही.

आत गेल्यावर काय होईल ते मला माहीत आहे. कार्ड जाईल, गोळी जाईल. शनिवार जाईल. त्या चौदा बायकांत मला जुळ्यांची आई म्हणून कोणी हाक मारणार नाही. सकाळपासून पाय हलताहेत ते तुझ्या काळजीने, असं लिहायला मला आवडलं असतं. निम्मे तुझ्या काळजीने हलताहेत. तीस गेल्या. लिहिणं थांबवते.

पुढचं रस्त्यावर, चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसून लिहिते. दीड वाजला. गाडी गेली.

मी आत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाटलं होतं, हेडमास्तरीणबाई ओरडतील. त्यांनी आधी पिशवीतून तुझी फाईल ओढून काढली, मग टेलिफोन ओढला आणि माझ्यासमोर तुझ्या इस्पितळात फोन लावला. फोन लागेपर्यंत खणातून ठिपक्यांची गुंडाळी काढली आणि नवा लाल ठिपका त्या फिकट गोलावर बरोब्बर बसवला. पलीकडच्या बाईंकडून एकेक शब्द परत म्हणवून घेतला: पेनिसिलिन नाही, त्या जातीचं कुठलंच औषध नाही, चाचणी दुसऱ्या व्यक्तीची आहे. मग फाईल उघडून विचारलं, यातलं आणखी काय त्यांचं नाही? मी सांगत गेले, त्या पट्टी ठेवून खोडत गेल्या. रक्तदाब, गोळी, हाताची जखम, वजन, चालण्याच्या गटातली हजेरी. चौदा महिन्यांची मी, लाल शाईने, सरळ रेघेत. मला सहन होईना. म्हटलं, बाई, रक्तदाब तरी राहू द्या तिच्याकडे, तिने आयुष्यात दुसरं काही जमवलेलं नाही. त्यांनी मान वर केली. "हसू येतंय तुम्हाला? त्या मेल्या असत्या." मी म्हटलं, हो.

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. मग कोरा अर्ज पुढे ओढून त्यांनी विचारलं, "तुमचं नाव काय?" चौदा महिन्यांत त्या इमारतीत मला हे कोणी विचारलं नव्हतं. सांगितलं. त्यांनी लिहिलं आणि अर्ज माझ्या हातात दिला. "मालकाचा कागद आणा. नियम मी मोडणार नाही, एकदा मोडला की काय होतं ते आज बघितलं. पुढच्या शनिवारपर्यंत आणलात तर गोळी मिळेल. नाही आणलात तर येऊ नका." बाहेर कंडक्टर हात पुढे करून उभा. "एकतीस नंबर जमा करा."

आतल्या खोलीला दार नाही, पडदा आहे. पायरीवर रंगारीणबाई बसल्या होत्या, त्यांनी आधी पडद्याबाहेर थांबून सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "म्हणजे जुळी नाहीतच?" म्हटलं, आहेत, माझी नाहीत. "आणि पोहण्याचं बक्षीस?" तेही नाही. "अहो, मी घरी सांगितलं होतं की हो!" त्या खरंच दुखावल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कागदाचं काय त्यात, मी देते लिहून. माझ्याकडे रंगकामाला आहात म्हणून." मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण आत्ताच एका फाईलमधून खोडली गेले आहे, लगेच दुसरीत शिरायचं बळ नाही. सोमवारी मालकांच्या खोलीत जाऊन मी शिवलेल्या खुर्चीवर बसणार आणि दोन ओळी घेतल्याशिवाय उठणार नाही. कलाकार लिहायचं असेल तर कलाकार लिहा, म्हणावं, पण सही करा. दिली तर दिली. गोळ्या अजून नऊ आहेत.

तर आता फाईल दुरुस्त झाली, तुझ्या इस्पितळाला कळलं, आणि आज रात्री मी तुला फोन करून एवढं एक सांगणारच आहे, हवेचा विषय न काढता. मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू हसशील म्हणून. तुला त्या दिवसाचं काही आठवत नाही, तू तीन वर्षांची होतीस. तुला ठाऊक आहे ती घरातली गोष्ट: घसा आला म्हणून आईने तुला पेनिसिलिनची सुई टोचून आणलं, खाटेवर ठेवलं, औषध आणायला कोपऱ्यावर गेली, तुझा चेहरा सुजला, आणि नऊ वर्षांच्या ताईने धावत जाऊन आईला गाठलं. ताईने वाचवलं. मी ती गोष्ट एक्केचाळीस वर्षं कधी दुरुस्त केली नाही. शेंडेफळा, मी आधी हसले होते. तुझे ओठ फुगले, डोळे मिटायला लागले, तू बेडकीसारखी दिसत होतीस, आणि मी पोट धरून हसले. खुंटीवरचा आरसा काढून तुला तुझं तोंड दाखवलं. तुझ्या श्वासाची शिट्टी वाजायला लागली, तर मी तशीच शिट्टी वाजवून दाखवली. तू हात पुढे केलास, मग तो खाली पडला, आणि तेव्हा मी धावले. डॉक्टर आईला म्हणाले होते, आणखी जरा उशीर झाला असता तर. तो जरासा उशीर माझा होता. म्हणून मी सगळीकडे ओरडत आले, आणि म्हणून मला एकच गोष्ट तुझ्याकडून हवी आहे. वर काही नको म्हटलं ते मागे घेते. पाकिटात जुना लाल ठिपका ठेवला आहे. डिंक गेलाय, मागे थोडी खळ लाव. ऑपरेशनच्या दिवशी तो अंगावर दिसेल असा लाव, आणि जो कोणी सुई घेऊन जवळ येईल त्याला सांग. आमची ताई जरा जास्तच घाबरते, असं हसत हसत सांगू नकोस. हसायचं काम मी दोन्ही वेळा करून ठेवलं आहे.

तुझीच, तुझ्या फाईलमधून आज बाहेर पडलेली,
ताई